बार्थोलोम्यू काउंटीत बिऱ्हाड थाटताना : पुण्याहून येणाऱ्या कुटुंबांसाठी मार्गदर्शन

इंडियाना राज्यातील कोलंबस हे गाव अमेरिकेच्या नकाशावर शोधावे लागते, पण पुण्यातील कोथरूड-कर्वेनगर भागात त्याचे नाव माहीत नसलेले अभियंत्याचे घर विरळाच. कमिन्स ही डिझेल इंजिने बनवणारी कंपनी १९१९ मध्ये याच गावात सुरू झाली. १९६२ मध्ये तिने किर्लोस्करांच्या भागीदारीत पुण्यात कारखाना काढला आणि तेव्हापासून या दोन गावांमधली ये-जा थांबलेली नाही. येणारी बहुतेक कुटुंबे शहरातील एखाद्या अपार्टमेंटमध्ये उतरतात, दोन-तीन वर्षांत घर घेण्याचा विचार करू लागतात आणि शहराबाहेरची मोठी अंगणे, कमी किमती व शांत रस्ते पाहून काउंटीच्या ग्रामीण भागाकडे वळतात. तिथे पोहोचल्यावर मात्र पाणी कुठून येते, मैला कुठे जातो, कचरा कोण उचलतो, बर्फ पडल्यावर रस्ता कोण मोकळा करतो, असे शहरात कधी न पडलेले प्रश्न एकदम समोर येतात. त्या प्रश्नांची उत्तरे घर घेण्यापूर्वीच हाती असावीत, एवढ्याचसाठी हा लेख आहे. आम्ही त्यातील बरीचशी घर घेतल्यानंतर शिकलो.

सुरुवातीलाच एक सूचना. ओहायो राज्याची राजधानी असलेले कोलंबस हे मोठे शहर वेगळे आणि हे कोलंबस वेगळे. विमानाचे तिकीट इंडियानापोलिसचे काढावे. तिथून दक्षिणेला सुमारे ७५ किलोमीटरवर, इंटरस्टेट ६५ या महामार्गालगत, आपले गाव आहे. भारतातून पाठवल्या जाणाऱ्या पार्सलांवर आणि कागदपत्रांवर राज्याचे नाव आणि पिनकोड ठळक लिहायला सांगावे.

पहिली पायरी : काउंटी म्हणजे काय, हे समजून घ्या

इंडियाना राज्यात ९२ काउंट्या आहेत. बार्थोलोम्यू ही त्यांपैकी एक असून ती १८२१ मध्ये स्थापन झाली. तिचे क्षेत्रफळ सुमारे १,०६० चौरस किलोमीटर आहे, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याएवढे. कारभार मात्र तालुक्यापेक्षा पुष्कळ स्वतंत्र आहे. आपल्याकडे जिल्हाधिकारी सरकार नेमते. इथे तीन सदस्यांचे आयुक्त मंडळ, खर्चावर लक्ष ठेवणारी सात सदस्यांची परिषद, शेरीफ, खजिनदार, मालमत्तेचे मूल्यांकन करणारा अधिकारी, दस्त नोंदवणारा अधिकारी आणि हिशेबनीस म्हणजे ऑडिटर, हे सगळे निवडून आलेले असतात. ही माणसे दुकानात, शाळेच्या सामन्यात सहज भेटतात आणि नावानिशी ओळख ठेवतात.

हे सारे कशासाठी लक्षात ठेवायचे, तर शहराच्या हद्दीबाहेर राहायला गेलात की तुमचे सरकार म्हणजे काउंटीच. तिथे पोलिसांच्या जागी शेरीफचे शिपाई येतात आणि रस्ता काउंटीचा महामार्ग विभाग सांभाळतो. बांधकामाला आणि सेप्टिक टाकीला परवानगीही काउंटीच देते. वर्षाच्या १ जानेवारीला तुम्ही ज्या काउंटीत राहता, तिचा उत्पन्नावरील स्थानिक कर तुम्हाला लागू होतो, म्हणून कामावर रुजू होताना राज्याच्या करासंबंधीचा जो फॉर्म भरून घेतात त्यात काउंटीचे नाव बिनचूक लिहावे आणि घर बदलले की तेही बदलून घ्यावे.

दुसरी पायरी : लोकसंख्येचे आकडे वाचायला शिका

अमेरिकेची जनगणना दर दहा वर्षांनी होते आणि तिचे आकडे जनगणना विभागाच्या संकेतस्थळावर कोणालाही विनामूल्य पाहता येतात. २०२० मध्ये बार्थोलोम्यू काउंटीची लोकसंख्या ८२,२०८ होती. २०१० मध्ये ती ७६,७९४ होती, म्हणजे दहा वर्षांत सुमारे साडेपाच हजारांची वाढ. एवढेच वाचून थांबले तर काउंटी सर्वत्र वाढते आहे असे वाटेल. आता कोलंबस शहराचे आकडे वेगळे काढा. २०१० मध्ये ४४,०६१ आणि २०२० मध्ये ५०,४७४. शहर वजा केले तर उरलेल्या भागात २०१० मध्ये ३२,७३३ माणसे होती, ती २०२० मध्ये ३१,७३४ झाली. शहराची हद्द अधूनमधून वाढते, त्याचाही परिणाम या वजाबाकीत मिसळलेला असू शकतो, पण वाढीचा सगळा ओघ शहराकडे आहे आणि ग्रामीण भाग जागच्या जागी आहे, एवढे त्यातून स्पष्ट दिसते. घर घेणाऱ्याच्या दृष्टीने याचा अर्थ असा की शहरालगतच्या शेतांवर नव्या वसाहती उठत राहणार, आणि आज खिडकीतून दिसणारे मक्याचे शेत दहा वर्षांनी शेतच राहील असे गृहीत धरता येणार नाही. शहर आणि काउंटी यांचा नियोजन विभाग एकच आहे. शेजारच्या जमिनीचे क्षेत्र कोणत्या वापरासाठी राखलेले आहे, हे तिथे विचारून घ्यावे.

लहान वस्त्यांच्या बाबतीत आणखी एक काळजी घ्यावी. दोन जनगणनांच्या मधल्या काळातील उत्पन्न, घरभाडे, शिक्षण, भाषा यांचे आकडे नमुना पाहणीवर आधारलेले असतात आणि छोट्या गावांसाठी ते पाच वर्षांचे एकत्र करून दिले जातात. होप हे सुमारे २,१०० वस्तीचे गाव, हार्ट्सव्हिल त्याहून पुष्कळ लहान. अशा ठिकाणी नमुन्यातील चार घरांनी आकडा वर-खाली होतो. उत्पन्नाचा विचार करताना सरासरी पाहू नये, मध्यक पाहावा. कारखान्यातील वरिष्ठ पगारांमुळे सरासरी फुगते आणि शेजारच्या घराची खरी परिस्थिती झाकली जाते.

वस्तीचा पोत आकड्यांपेक्षा फिरून जास्त कळतो. कोलंबस शहरात भारतीय, चिनी, जपानी आणि स्पॅनिश बोलणारी कुटुंबे मोठ्या संख्येने आहेत. जपानी कंपन्यांचे कारखाने इथे १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून येऊ लागले, त्यामुळे जपानी कुटुंबेही रुळलेली आहेत. शहर सोडून दहा मैल गेलात की चित्र बदलते. होप गाव १८३० मध्ये नॉर्थ कॅरोलायनातून आलेल्या मोरेव्हियन पंथाच्या लोकांनी वसवले, तर दक्षिणेकडच्या भागात जर्मन लूथरन घराणी पिढ्यान्‌पिढ्या शेती करत आली आहेत. एकाच आडनावाच्या टपालपेट्या सलग दिसल्या तर नवल वाटू नये. आपल्या भावकीसारखाच तो प्रकार आहे. अशा वस्तीत तुमचे घर पुढे कित्येक वर्षे मूळ मालकाच्या नावानेच ओळखले जाईल. त्यात अपमान नाही.

तिसरी पायरी : निदान एक वर्ष भाड्याने राहा

हा माझा आग्रह आहे. चारही ऋतू पाहिल्याशिवाय इथे घर घेऊ नये. जानेवारीत काही रात्री पारा शून्याखाली पंधरा अंशांपर्यंत उतरतो, मार्च ते जून वादळांचा आणि पुराचा काळ असतो, जुलै-ऑगस्टचा दमटपणा मुंबईची आठवण करून देतो आणि ऑक्टोबर इतका सुंदर असतो की त्या महिन्यात पाहिलेले कुठलेही घर आवडते.

ग्रामीण भागात भाड्याची घरे कमी असतात, कारण बहुतेक घरांत मालक स्वतः राहतात. म्हणून पहिले वर्ष शहरातील अपार्टमेंट बरे. भाडेकरार करण्यापूर्वी पूर्ण वाचावा. इंडियानात अनामत रकमेला कायद्याने कमाल मर्यादा नाही, पण घर सोडल्यावर तुम्ही नवा पत्ता लेखी कळवलात तर ४५ दिवसांच्या आत अनामत परत करणे किंवा केलेल्या कपातीचा तपशील देणे मालकावर बंधनकारक आहे. हा नवा पत्ता लेखी देण्याचा भाग पुष्कळ जण विसरतात. राहायला जाताना भिंती, गालिचे, नळ, शेगडी यांची तारखेसह छायाचित्रे काढून ठेवावीत. आपल्या फोडण्यांचा वास आणि तेलाचा थर यांवरून पुढे वाद होऊ शकतो, म्हणून शेगडीवरचा पंखा लावूनच स्वयंपाक करावा आणि महिन्याला त्याची जाळी धुवावी.

याच वर्षात गाडी चालवण्याचा परवाना काढून घ्या. इंडियानात कायम राहण्यासाठी आलेल्याने ६० दिवसांत राज्याचा परवाना घ्यायचा असतो. भारतातील परवाना असला तरी लेखी व प्रत्यक्ष अशा दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात, आणि परवान्याची मुदत तुमच्या व्हिसाच्या मुदतीशी बांधलेली असते. जोडीदारालाही परवाना हवाच. शहरात बस आहे, पण शहराबाहेर गाडीवाचून एक दिवसही निघत नाही, आणि घरी एकटी अडकून पडलेली व्यक्ती इथे फार लवकर खचते. परवान्याच्या कार्यालयात मतदार नोंदणीविषयीही विचारले जाते. तुम्ही अमेरिकेचे नागरिक नसाल तर त्याला स्पष्ट नकार द्यावा आणि त्या कागदावर सही करू नये. अनवधानाने केलेली अशी सही पुढे ग्रीन कार्डाच्या आणि नागरिकत्वाच्या वेळी अत्यंत महागात पडू शकते.

चौथी पायरी : पत्ता वाचा आणि रस्ता पाहा

ग्रामीण पत्ते सुरुवातीला गोंधळात टाकतात. रस्त्याचे नाव ‘वेस्ट ४५० साउथ’ असे असते. मोजणी जिथून सुरू होते त्या काउंटीच्या पायारेषांपासून प्रत्येक मैलाला शंभर आकडा वाढतो, हे एकदा कळले की सगळे सोपे होते. ‘४५० साउथ’ म्हणजे पायारेषेच्या साडेचार मैल दक्षिणेला पूर्व-पश्चिम जाणारा रस्ता, आणि त्याआधी लिहिलेल्या घरक्रमांकावरून तुम्ही किती पूर्वेला वा पश्चिमेला आहात ते समजते. मोबाइलची रेंज गेली तरी या हिशेबावर घरी पोहोचता येते.

पसंतीच्या घराकडे जाणारा रस्ता दोनदा पाहावा, एकदा रात्री आणि एकदा जोरदार पावसानंतर. काउंटीचा पूर्व भाग सपाट शेतीचा, तर पश्चिमेला ब्राउन काउंटीकडे जाताना टेकड्या आणि जंगल लागते. वळणावळणाचा चढाचा रस्ता बर्फात अवघड होतो. इंडियानात प्रत्येक काउंटी हिवाळ्यात आणि पुरात प्रवासाची पातळी जाहीर करते. पिवळी म्हणजे काळजी घ्या, नारिंगी म्हणजे अत्यावश्यक कामाशिवाय निघू नका, आणि लाल म्हणजे रस्ते आपत्कालीन सेवांखेरीज इतरांना बंद. सकाळी कामावर निघण्यापूर्वी ही पातळी पाहण्याची सवय लावून घ्यावी. ऑक्टोबर-नोव्हेंबरात संध्याकाळी हरणे रस्त्यावर येतात. एक गेले की मागे दुसरे असते, म्हणून लगेच वेग वाढवू नये. पेरणी-कापणीच्या दिवसांत नारिंगी त्रिकोण लावलेली अवजड यंत्रे रस्त्याने संथ चालतात. त्यांच्यामागे शांतपणे चालावे, भोंगा वाजवू नये. दुपदरी रस्त्यावर शाळेची बस लाल दिवे लावून थांबली की दोन्ही बाजूंच्या गाड्यांनी थांबायचे असते.

पाचवी पायरी : घराआधी पाणी आणि मैला

शहराबाहेरच्या घराचा विचार करताना आपण आधी स्वयंपाकघर आणि खोल्या पाहतो. मी सांगेन, आधी नळाला येणारे पाणी कुठून येते ते विचारा. काही ग्रामीण भागांत जलसंस्थांच्या वाहिन्या पोहोचल्या आहेत, बाकीच्या घरांना स्वतःची बोअरवेल असते. खासगी बोअरवेलच्या पाण्यावर सरकारी तपासणी नसते, ती जबाबदारी मालकाची. घर घेण्यापूर्वी आणि त्यानंतर दरवर्षी जंतू आणि नायट्रेट यांची चाचणी करून घ्यावी. मका-सोयाबीनच्या शेतांत खते पडतात आणि ती झिरपून भूजलात जाऊ शकतात. सार्वजनिक पाणीपुरवठ्यासाठी नायट्रेटची मर्यादा लिटरमागे १० मिलिग्रॅम आहे. तान्ह्या बाळाच्या दुधासाठी त्याहून जास्त नायट्रेट असलेले पाणी वापरणे धोक्याचे असते, आणि पाणी उकळून नायट्रेट जात नाही, उलट त्याचे प्रमाण वाढते. उकळले म्हणजे शुद्ध झाले, ही आपल्या घरातली समजूत इथे सोडून द्यावी लागते. बोअरवेलला वीजपंप असतो, त्यामुळे वीज गेली की पाणीही जाते. दोन-चार दिवसांचे पिण्याचे पाणी नेहमी भरून ठेवावे.

मैल्याची व्यवस्था सेप्टिक टाकीवर असते. टाकीतून निघालेले पाणी अंगणाखाली पुरलेल्या सच्छिद्र नळ्यांतून जमिनीत मुरते. त्या जागेवर गाडी उभी करायची नाही, झाडे लावायची नाहीत आणि शेडही बांधायची नाही. टाकी साधारण तीन ते पाच वर्षांनी उपसावी लागते. आम्ही पहिले घर घेतले तेव्हा टाकी नुकतीच उपसली आहे, असे विक्रेत्याने सांगितले आणि आम्ही पावती मागितली नाही. एप्रिलच्या पावसात न्हाणीघरात पाणी उलटे आले, टाकी वर्षानुवर्षे उघडलेलीच नव्हती आणि नळ्यांचे क्षेत्र निकामी झाले होते. त्या दुरुस्तीत दोन वर्षांची बचत गेली. म्हणून घराच्या सर्वसाधारण तपासणीव्यतिरिक्त टाकी उपसून आतून पाहणी करण्याची अट खरेदीच्या प्रस्तावातच घालावी आणि काउंटीच्या आरोग्य विभागात तिच्या परवान्याची नोंद पाहावी. आपल्या स्वयंपाकातील तूप-तेल, ताकाचे भांडे, पोळ्यांची कणीक हे मोरीत गेले तर टाकी लवकर भरते. तेल कागदाने पुसून कचऱ्यात टाकावे आणि खरकटे बागेच्या खतात घालावे.

पूर हा तिसरा विषय. कोलंबसजवळ फ्लॅटरॉक आणि ड्रिफ्टवुड या नद्या एकत्र येऊन व्हाइट नदीचा पूर्व फाटा तयार होतो. ७ जून २००८ रोजी आलेल्या पुरात हॉ क्रीक हा एरवी शांत वाहणारा ओढा इतका चढला की त्याच्या काठचे प्रादेशिक रुग्णालय रिकामे करावे लागले आणि ते काही महिने बंद राहिले. त्यामुळे घर पुरक्षेत्रात येते का, हे केंद्रीय आपत्ती यंत्रणेच्या नकाशावर पत्ता टाकून पाहावे. घराच्या नेहमीच्या विम्यात पुराचे नुकसान धरलेले नसते, त्यासाठी वेगळा विमा लागतो, आणि केंद्रीय योजनेतील असा विमा साधारणपणे घेतल्यापासून ३० दिवसांनी लागू होतो. पावसाचा अंदाज आल्यावर धावपळ करून काही साधत नाही. तळघर असेल तर पाणी उपसणारा पंप चालतो का, आणि वीज गेल्यावर त्याला बॅटरीचा आधार आहे का, हे पाहून घ्यावे. तळघरात रेडॉन या किरणोत्सारी वायूचीही चाचणी करावी. इंडियानात त्याचे प्रमाण बऱ्याच घरांत जास्त आढळते आणि उपाय सोपा आहे.

जमिनीचा व्यवहार इथे एकरात चालतो. एक एकर म्हणजे आपले सुमारे चाळीस गुंठे. पुण्याच्या दोन खोल्यांतून आलेल्या माणसाला दोन एकरांचा मोह होतो, पण ऐंशी गुंठ्यांचे गवत एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत जवळजवळ दर आठवड्याला कापायचे असते, त्यासाठी बसून चालवायचे यंत्र लागते आणि ते ठेवायला शेड लागते. आपल्या जमिनीतून काउंटीच्या अखत्यारीतील निचऱ्याचा चर जातो का, हेही विचारावे. अशा चराच्या दोन्ही बाजूंना ७५ फुटांपर्यंत काउंटीला येण्याचा हक्क असतो, तिथे पक्के बांधकाम करता येत नाही.

बाकीच्या गोष्टी लवकर उरकतात. घर गॅसवर तापत असेल तर अंगणातील प्रोपेनची टाकी मालकीची आहे की भाड्याची, ते विचारा, आणि ती उन्हाळ्यात भरून घ्या, तेव्हा दर कमी असतो. इंटरनेटच्या वेगाबाबत शेजारच्या घरावरून निष्कर्ष काढू नये, नेमका पत्ता देऊन चौकशी करावी. शहराच्या हद्दीबाहेर कचरा उचलणारा खासगी ठेकेदार स्वतः लावावा लागतो. अग्निशमन केंद्र आणि आगीच्या बंबाला पाणी जोडण्याची जागा किती दूर आहे, यावर विम्याचा हप्ता ठरतो.

सहावी पायरी : घरपट्टी आणि कागद

इंडियानात राहत्या घराची घरपट्टी मूल्यांकनाच्या १ टक्क्यावर जाऊ शकत नाही. भाड्याने दिलेल्या घराला आणि शेतजमिनीला २ टक्के, इतर मालमत्तेला ३ टक्के अशी मर्यादा २०१० पासून राज्यघटनेतच घातलेली आहे. मतदारांनी खास मंजूर केलेले कर मात्र या मर्यादेबाहेर असतात. राहत्या घराची सवलत आपोआप मिळेलच असे धरून चालू नये. तिचा अर्ज ऑडिटरच्या कार्यालयात दाखल झाला आहे का, हे खरेदीनंतर स्वतः जाऊन पाहावे. अर्ज राहिला तर घरपट्टी दुपटीच्या आसपास जाऊ शकते. पट्टी मागील वर्षाची असते आणि १० मे व १० नोव्हेंबर अशा दोन हप्त्यांत भरतात. घर गहाण असेल तर बहुधा बँकच ती भरते, तरी पावती पाहावी.

शाळेच्या हद्दी घराच्या पत्त्यावरून ठरतात. काउंटीचा मोठा भाग बार्थोलोम्यू कन्सॉलिडेटेड या शाळामंडळात येतो आणि ईशान्येकडचा होपच्या आसपासचा भाग फ्लॅट रॉक-हॉक्रीक या छोट्या मंडळात. मोठ्या शाळेत विषयांची निवड जास्त, छोट्या शाळेत प्रत्येक मुलाकडे शिक्षकांचे लक्ष जास्त. लाजऱ्या, नव्यानेच इंग्रजी बोलू लागलेल्या मुलाला छोटी शाळा मानवल्याचे मी पाहिले आहे. मात्र तिथे वर्गात आपल्यासारखे दिसणारे ते एकटेच असेल, हेही पालकांनी आधी मनाशी स्वीकारावे आणि मुलाशी मोकळेपणाने बोलावे.

सातवी पायरी : शेजार

इथल्या माणसांना ‘हूझियर’ म्हणतात आणि ती स्वतःही अभिमानाने तसे म्हणवून घेतात. समोरून येणारा गाडीवाला स्टिअरिंगवरचे एक बोट उचलतो, तो नमस्कार असतो. त्याला उत्तर द्यावे. राहायला गेल्यावर शेजारी बहुधा स्वतः येतील, हातात काहीतरी भाजलेले असेल. आपणही पहिल्या महिन्यात दोन्ही बाजूंच्या घरांत जाऊन ओळख करून द्यावी, फोन क्रमांक द्यावा. बर्फात गाडी अडकली की ट्रॅक्टर घेऊन तेच येतात.

सामुदायिक जेवणाला, ज्यात प्रत्येक घर एक पदार्थ घेऊन येते, इथे ‘पिच-इन’ म्हणतात. अशा वेळी कमी तिखटाचा बटाट्याचा रस्सा, नारळाच्या वड्या किंवा श्रीखंड नेले तर भांडे रिकामे परत येते. शाकाहारी असाल तर संकोच न करता आधी सांगावे, पण फरसबीच्या भाजीतही डुकराचे मांस घालण्याची इथली पद्धत आहे, हे लक्षात ठेवून विचारूनच खावे. शहराबाहेरची अग्निशमन दले बरीचशी स्वयंसेवकांवर चालतात. निधीसाठी ती न्याहारीचे किंवा तळलेल्या माशांचे जेवण ठेवतात. तिथे वर्षातून दोनदा कुटुंबासह जावे, मासे खात नसाल तर देणगी देऊन चहा घ्यावा. आग लागलीच तर तुमच्या दारात येणारी माणसे तीच आहेत.

मुलांसाठी सर्वांत चांगले दार म्हणजे ४-एच. पर्ड्यू विद्यापीठाच्या विस्तारसेवेमार्फत चालणारा हा मुलांचा उपक्रम तिसरीपासून बारावीपर्यंतच्यांसाठी आहे. त्यासाठी शेत किंवा जनावरे असावी लागत नाहीत. शिवणकाम, छायाचित्रण, बागकाम, स्वयंपाक असा कोणताही प्रकल्प वर्षभर करून उन्हाळ्यातील काउंटी जत्रेत मांडायचा असतो. जत्रेत डुकरे, गाई, शेळ्या घेऊन उभी असलेली मुले पाहताना आपल्याकडची जनावरांची प्रदर्शने आठवतात. सप्टेंबरच्या शेवटी होपच्या चौकात हेरिटेज डेज भरते आणि ऑक्टोबरात कोलंबसमध्ये एथनिक एक्स्पो. हिवाळ्यातील शुक्रवारी संध्याकाळी सारी वस्ती शाळेच्या बास्केटबॉल सामन्याला लोटते. खेळ कळला नाही तरी जावे, ओळखी तिथेच होतात.

काउंटीचे सार्वजनिक ग्रंथालय विसरू नये. कोलंबसमधील त्याची मुख्य इमारत आय. एम. पेई यांनी रचलेली असून ती १९६९ मध्ये उघडली. समोर शिल्पकार हेन्री मूर यांची प्रचंड कमान उभी आहे. कमिन्सचे प्रमुख जे. अर्विन मिलर यांच्या पुढाकाराने १९५० च्या दशकापासून कंपनीच्या प्रतिष्ठानाने सार्वजनिक इमारतींसाठी वास्तुविशारदांचे शुल्क भरले, म्हणून एवढ्याशा गावात अशा इमारती पदोपदी दिसतात. ग्रंथालयाचे कार्ड विनामूल्य असते, होपलाही शाखा आहे, आणि घरी असलेल्या जोडीदारासाठी इंग्रजी संभाषणाचे वर्ग, मुलांच्या गोष्टींचा तास अशा गोष्टींची माहिती तिथेच मिळते.

शेताशेजारी राहायचे तर काही सोसायला हवे. वसंतात आणि शरदात शेणखताचा वास येतो, कापणीच्या दिवसांत यंत्रे मध्यरात्रीपर्यंत चालतात. इंडियानाचा कायदा आधीपासून चालत असलेल्या शेतीला अशा तक्रारींपासून संरक्षण देतो, आणि तो नसता तरी तक्रार करणे शेजारधर्माला धरून झाले नसते. नोव्हेंबरात हरणांच्या शिकारीचा हंगाम असतो, तेव्हा जंगलालगत फिरताना नारिंगी जाकीट घालावे. झाडांवर किंवा खांबांवर जांभळा पट्टा रंगवलेला दिसला तर ती जमीन खासगी असून तिथे शिरण्यास मनाई आहे, असे समजावे.

सणावारांची सोय थोड्या नियोजनाने होते. कोलंबसमध्ये भारतीय किराणा मिळतो, मोठ्या खरेदीसाठी इंडियानापोलिसला जावे लागते आणि तिथेच पूर्वेकडच्या भागात सेंट्रल इंडियानाचे हिंदू मंदिर आहे. ग्रामीण घरात गणपती बसवताना आरतीच्या आवाजाची कोणाला अडचण होत नाही, जवळचे घर पाचशे फुटांवर असते. शेजाऱ्यांना मात्र बोलवावे, मोदक कसे करतात ते मुलांना दाखवावे. मूर्ती शाडूची किंवा घरच्या मातीची करावी. ओढ्यात, तळ्यात किंवा निचऱ्याच्या चरात विसर्जन करू नये, कारण त्याच पाण्याच्या काठी कोणाची तरी बोअरवेल असते. अंगणात मोठ्या बादलीत विसर्जन करावे, आणि माती विरघळली की ती पुढच्या वसंतात भोपळ्याच्या वाफ्यात घालावी.